पहिल्या चित्रपटानंतरचा निर्माता

स्वतंत्र चित्रपट-निर्मात्याबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा पहिल्या चित्रपटापाशी येऊन थांबतं. दागिने गहाण पडले, घरावर कर्ज निघालं, मित्रांनी वर्गणी काढली, चित्रपट पुरा झाला, कुठल्या तरी महोत्सवात गौरव झाला. त्याच माणसाचा दुसरा चित्रपट कधी आला, तिसरा आला की नाही, पहिल्याचे हक्क आज कोणाकडे आहेत, हे कोणी विचारत नाही. पण धंदा म्हणून किंवा आयुष्याचं काम म्हणून निर्मितीकडे बघायचं, तर खरा प्रश्न हाच आहे. एक चित्रपट जिद्दीवर काढता येतो, पण जिद्दीवर पंचवीस वर्षं काढता येत नाहीत. पहिल्या चित्रपटाचे हक्क आणि त्याची वसुली निर्मात्याच्या हाती उरली, तर त्यातून दुसरा चित्रपट उभा राहतो. ती दोन्ही हाती उरली नाहीत, तर दर वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तिसऱ्या खेपेला बहुतेकांचं बळ सरतं. आपली सगळी मदत, कौतुक आणि सरकारी धोरणं चित्रपट ‘करण्या’पाशी गोळा झालेली आहेत. तो ‘राखण्या’च्या बाबतीत निर्माता एकटाच असतो.

याची पहिली साक्ष दादासाहेब फाळक्यांची. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, परतल्यावर वाटाण्याचं रोप वाढताना टिपलेली छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. एवढी गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. पुढच्या चार-पाच वर्षांत ‘लंका दहन’सारखं मोठं यश मिळूनही फाळक्यांना बाहेरचे भांडवलदार भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढावी लागली. भागीदारांशी पटेना म्हणून ते काशीला निघून गेले, नंतर परतले ते त्याच कंपनीत, पण आता कारभार त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हता. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला, म्हणजे दुसऱ्याच्या पैशानं आणि दुसऱ्याच्या मालकीचा. देशातला पहिला स्वतंत्र निर्माता पुढे दुसऱ्यांचा दिग्दर्शक म्हणून काम करत होता. यात त्यांच्या स्वभावाचा भाग असेलही. पण चित्रपट चालूनही भांडवल साठत नाही, ही अडचण त्यांच्यापासूनची आहे आणि ती स्वभावानं सुटणारी नव्हती.

कायदा या बाबतीत निर्मात्याच्या बाजूनं आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही, नट नाही. हा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. कादंबरीकाराचं पुस्तक जसं त्याच्या वारसांना काही देत राहतं, तसंच चित्रपटानं निर्मात्याच्या घराला द्यावं, अशी ही योजना. प्रत्यक्षात हा हक्क चित्रपट पडद्यावर येण्याआधीच हातातून सुटतो. रिळांच्या जमान्यात हे कसं घडे ते पाहण्यासारखं आहे. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह निर्मात्याच्या घरी नसे, ती लॅबमध्ये असे. पैसे देणारा फायनान्सर लॅबकडून ‘लॅब लेटर’ लिहून घेई. तुमची लेखी परवानगी आल्याशिवाय या निगेटिव्हवरून प्रिंट काढून देणार नाही, अशी ती हमी. व्याज महिन्याला दोन-तीन टक्के. म्हणजे चित्रपट कागदोपत्री निर्मात्याचा, पण त्याची एक प्रिंट काढायची तर सावकाराची सही हवी. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री लॅबमध्ये देण्याघेण्याचे हिशेब मिटत, आणि त्या घाईत निर्माता जे मागितलं जाईल ते लिहून देई, कारण शुक्रवार टळला की जाहिरातीचा पैसा बुडाला. आता निगेटिव्ह गेली, हार्ड डिस्क आली, तिचं कुलूप उघडणारी केडीएम नावाची डिजिटल किल्ली आली. ती किल्लीही देणी फिटेपर्यंत अडवून धरता येते. मे १९९८ मध्ये सरकारनं चित्रपटधंद्याला उद्योग म्हटलं, त्यानंतर बँकांची दारं उघडली हे खरं. पण बँक तारण मागते, मागचे ताळेबंद मागते. ज्याच्याकडे आधीचे चित्रपट आहेत त्यालाच ते दाखवता येतात.

हा प्रश्न जबलपूरहून पाहिला की अधिक स्पष्ट दिसतो. जबलपूर मुंबईच्या वर्तुळाबाहेरचं आहे, तरी चित्रपटाशी त्याचा संबंध जुना आणि घट्ट आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये ‘जिस देश में गंगा बहती है’चं चित्रीकरण झालं, पुढे ‘अशोका’चं आणि आशुतोष गोवारीकरांच्या ‘मोहेंजो दारो’चंही. जया भादुरी, रघुवीर यादव, अर्जुन रामपाल यांचं हे जन्मगाव. १८१७ पर्यंत हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली होता. १९५६ पर्यंत तो ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि राज्यपुनर्रचनेत हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला आलं. वकिली, शिक्षकी आणि सरकारी नोकरीच्या निमित्तानं इथे रुजलेली मराठी घरं आजही आहेत. ही सगळी पार्श्वभूमी चित्रपटाच्या वितरणात कुठे मोजली जाते? वितरकांच्या नकाशात. तो नकाशा अजून इंग्रजी अमदानीतला आहे. त्यात निझाम आहे, म्हैसूर आहे, सेंट्रल इंडिया आहे, आणि जबलपूर येतं ते ‘सीपी-बेरार’मध्ये, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि बेरारमध्ये, नागपूर, अमरावती, अकोला आणि रायपूर यांच्याबरोबर. या वितरण-विभागाच्या, म्हणजे सर्किटच्या, वितरक-प्रदर्शकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, हिचं मुख्यालय भुसावळला.

यातून एक विचित्र अवस्था तयार झाली आहे. वितरणाच्या दृष्टीनं जबलपूर आणि अमरावती एकाच घरात, पण अनुदान, मल्टिप्लेक्समध्ये मराठीला खेळ देण्याची सक्ती हे सगळं महाराष्ट्राच्या हद्दीपाशी संपतं. मराठी निर्मात्यानं सीपी-बेरारचे हक्क एकगठ्ठा विकले की त्यात जबलपूर आपोआप गेलं. पण वितरक विदर्भातल्या पडद्यांपुरताच हिशेब मांडतो. नर्मदेकाठी चित्रपट न्यायचा तर वेगळी जाहिरात, वेगळी धावपळ, आणि प्रेक्षक मोजके. तो जात नाही, आणि हक्क विकलेले असल्यानं निर्मात्यालाही स्वतः नेता येत नाही. इथला मराठी प्रेक्षक निर्मात्यानं अशा तऱ्हेनं फुकट गमावलेला आहे. यात वितरकाला दोष देणं सोपं आहे, पण ते न्याय्य होणार नाही. मिनिमम गॅरंटीवर, म्हणजे ठरावीक रकमेची हमी देऊन, चित्रपट घेऊन बुडालेले वितरक या सर्किटनंही पाहिले आहेत, म्हणूनच छोट्या चित्रपटाला आज गॅरंटी मिळत नाही, फक्त कमिशनवर प्रदर्शन मिळतं. जोखीम निर्मात्याची, पण तारखा, पडदे आणि खेळांच्या वेळा दुसऱ्यांच्या हातात, असा हा व्यवहार आहे.

प्रेमनाथची कारकीर्द या दृष्टीनं पुन्हा वाचावी अशी आहे. जबलपुरात वाढलेला हा नट ‘बरसात’ (१९४९), ‘बादल’ (१९५१) आणि ‘आन’ (१९५२) या चित्रपटांनी नावारूपाला आला होता. जबलपूरचं एम्पायर हे इंग्रजांच्या काळातलं चित्रपटगृह त्यानं विकत घेतलं. लहान असताना तिथून हाकललं गेल्याचा सूड म्हणून घेतलं, अशी आख्यायिका शहरात सांगितली जाते. पत्नी बीना राय हिच्यासह त्यानं पी. एन. फिल्म्स काढली. नाव, पैसा, नायिका घरात, स्वतःचा पडदा. स्वतंत्र निर्मात्याजवळ असावं असं जे जे म्हणतात ते बहुतेक त्याच्याजवळ होतं. १९५३ साली बीना राय नायिका आणि सी. रामचंद्र संगीतकार असे दोन चित्रपट आले. एक फिल्मिस्तानचा ‘अनारकली’, दुसरा पी. एन. फिल्म्सचा ‘शगूफा’. पहिला देशभर गाजला, दुसरा पडला. त्यानंतरचा ‘गोलकोंडा का कैदी’ही (१९५४) चालला नाही, आणि ही निर्मिती फार पुढे गेली नाही. कित्येक वर्षांनी ‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) आणि ‘बॉबी’नं (१९७३) प्रेमनाथ पुन्हा लोकांसमोर आला, पण तो मानधन घेणारा नट म्हणून.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ‘अनारकली’ चांगला होता, ‘शगूफा’ तसा नव्हता, मग हक्क आणि वितरणाची मीमांसा कशाला? कथा फसली की चित्रपट पडतो, एवढंच. मला हे अर्धंच पटतं. कथा फसते हे खरं, पण ती फिल्मिस्तानचीही फसत होती. स्टुडिओचा एक चित्रपट पडला, तर त्याचा तोटा आधीच्या चार चित्रपटांच्या वसुलीतून भरून निघे, आणि तोच वितरक पुढच्या चित्रपटाच्या आशेनं पडलेला चित्रपटही आणखी दोन आठवडे रेटून नेई. स्वतंत्र निर्मात्याला पहिल्या चुकीचीच पूर्ण किंमत मोजावी लागते. त्याच्यामागे ‘आधीचे चार’ नसतात. प्रेमनाथकडे एम्पायर होतं, पण एका गावातला एक पडदा म्हणजे वितरण नव्हे. देशभरच्या तिकीटबारीवर त्याचा काही ताबा नव्हता. चुकण्याला जागा नसेल तर कारकीर्द होऊच शकत नाही. लेखकाला, चित्रकाराला, गवयालाही ती जागा लागते.

जे टिकले त्यांच्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं. प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापूर आणि पुण्यात स्टुडिओ उभारला, तशी चित्रपटगृहाची आणि वितरणाचीही व्यवस्था केली. व्ही. शांतारामांनी १९४२ मध्ये राजकमल काढलं तेव्हा स्टुडिओपासून चित्रपटांच्या मालकीपर्यंत सगळं घरात राहील हे पाहिलं, आणि पुढची कित्येक दशकं त्या जोरावर यशापयश पचवलं. दादा कोंडक्यांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १९७१ चा ‘सोंगाड्या’ हा त्यांचा निर्माता म्हणून पहिला चित्रपट. तो तयार होता, प्रेक्षक होता, पण दादरच्या कोहिनूरमध्ये ठरलेला पडदा ऐन वेळी देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी जाऊ लागला. तो मिळाला तो बाळासाहेब ठाकरे आणि त्यांचे शिवसैनिक रस्त्यावर उतरल्यामुळे. पुढे दादांनी रौप्यमहोत्सवांचा जो विक्रम केला त्याच्या मुळाशी ही घटना आहे. पडदा हातचा गेला असता, तर बहुधा तो विक्रमही झाला नसता. प्रत्येक निर्मात्यामागे रस्त्यावर उतरणारी संघटना नसते, आणि असावी अशी अपेक्षाही चूक आहे.

आज पडद्याचा व्यवहार अधिक नेमका झाला आहे, पण छोट्या चित्रपटाला तो अधिक जाचतो. २००९ च्या निर्माते-मल्टिप्लेक्स संघर्षानंतर वाटणीचं जे सूत्र ठरलं, त्यात निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचणाऱ्या मोठ्या चित्रपटाला हे सूत्र मानवतं. पण जो चित्रपट तोंडी चर्चेवर हळूहळू चढतो, त्याचा प्रेक्षक नेमका तिसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे निर्मात्याचा वाटा घटल्यावर. लाख रुपयांच्या निव्वळ गल्ल्यावर पहिल्या आठवड्यात पन्नास हजार, तोच गल्ला तिसऱ्यात आला तर साडेसदतीस हजार. त्यातून वितरकाचं कमिशन वजा. शिवाय प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचं भाडं, ज्याला धंद्यात व्हीपीएफ म्हणतात, ते निर्मात्यानं आधी भरायचं. आणि तिसरा आठवडा उजाडेपर्यंत खेळ सकाळी अकराचा एकच उरलेला असतो. कमी खर्चात केलेल्या चित्रपटानं तग धरायचा तो या गणितात.

दुसरा आक्षेप कलावंतांच्या बाजूचा. त्यांच्या मते स्वातंत्र्य महत्त्वाचं, हक्क आणि वाटे या वाण्याच्या गोष्टी, आणि चांगले चित्रपट या सगळ्याशिवायही झालेच की. झाले. रामदास फुटाणे चित्रकलेचे शिक्षक, त्यांनी ‘सामना’ची निर्मिती केली आणि तो १९७५ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत पोचला. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आणि नट, त्यांनी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ आणि ‘कासव’मागे उभं राहून पैसा घातला. ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. विवेक गोम्बर या नटानं चैतन्य ताम्हाणेला पटकथा लिहिण्यासाठी दरमहा पैसे दिले, त्यातून ‘कोर्ट’ झाला आणि २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. या माणसांचं ऋण मराठी चित्रपटावर मोठं आहे आणि ते मनापासून मानायला हवं. पण यातल्या प्रत्येकाची चूल दुसऱ्या उत्पन्नावर चालत होती. स्वातंत्र्य हवं, पण ते आधीच कमावत्या माणसालाच परवडतं, असा याचा अर्थ होतो. जबलपूरच्या रांझीतल्या किंवा गोलबाजारातल्या, बापाची शिल्लक नसलेल्या पोराला हा मार्ग बंदच आहे. हक्कांचा प्रश्न वाण्याचा मानला, तर निर्मिती हे केवळ सुस्थितांचं काम उरतं.

सरकारी मदतीचं काय? महाराष्ट्रात ‘अ’ दर्जाच्या मराठी चित्रपटाला चाळीस लाख आणि ‘ब’ दर्जाला तीस लाख रुपये अनुदान देण्याची पद्धत राहिली आहे. त्यानं अनेक निर्माते तरले, याबद्दल वाद नाही. पण हा पैसा चित्रपट पुरा झाल्यावर, परीक्षणानंतर मिळतो. तोवर कर्जाचं व्याज चालूच असतं, आणि अनुदान आलं की बरेचदा थेट सावकाराकडे जातं. मध्य प्रदेशाची रीत आणखी वेगळी. या राज्याला २०१७ आणि २०२० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटस्नेही राज्य म्हणून गौरवण्यात आलं, आणि २०२० पासून चित्रपट-पर्यटन धोरण आहे. नावातच पर्यटन आहे आणि कारभारही पर्यटन विभागाकडे. राज्यात किती दिवस चित्रीकरण झालं यावर अनुदान ठरतं. हॉटेल भरतात, गाड्या लागतात, स्थानिक पोरांना दिवसाची मजुरी मिळते. हे वाईट नाही. पण भेडाघाटला येऊन जाणाऱ्या मुंबईच्या कंपनीला जे मिळतं, त्यात जबलपुरात राहून दुसरा चित्रपट करू पाहणाऱ्याला वेगळं असं काही नाही. नावाड्याचा आणि लॉजवाल्याचा विचार धोरणानं केला. इथल्या निर्मात्याचा तेवढ्याच आस्थेनं व्हायला हवा होता.

तिसरा आक्षेप सर्वांत ताजा. पडद्याची मक्तेदारी मोडली, ओटीटी आलं, आता कोणीही जगभर पोचू शकतो, असं म्हणतात. ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवरून जगभर दिसला, हे खरंच. त्या चित्रपटामागे व्हेनिसचा पुरस्कार होता, कार्यकारी निर्माता म्हणून अल्फोन्सो क्वारोनचं नाव होतं. तसं नाव पाठीशी नसेल, तर दोन रस्ते उरतात. एक, मिनिटांवर पैसे: जितका पाहिला जाईल तितका वाटा, पण किती पाहिला गेला तो आकडा कंपनीकडेच. दुसरा, एकरकमी विक्री, ज्यात अनेकदा सर्व भाषा, सर्व माध्यमं आणि कायमची मुदत लिहिलेली असते. निर्मात्याच्या हाती पैसे येतात, कर्ज फिटतं, आणि कायद्यानं दिलेली साठ वर्षं एका सहीत जातात. लॅब लेटर गेलं तरी त्यामागचा व्यवहार फारसा बदललेला नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि तो शेजारच्या गुजरातेत आहे. १९७६ चा ‘मंथन’ पाच लाख दूध-उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून केला. त्यांच्या वर्गणीचं कौतुक नेहमी होतं. मला त्याहून मोलाची वाटते ती मालकी. चित्रपट सहकारी संघाचा होता आणि संघाचाच राहिला. शेतकरी गाड्या भरून तो बघायला आले, म्हणजे पैसा घालणारा आणि तिकीट काढणारा एकच होता. अठ्ठेचाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, तो दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला, तो मालक जाग्यावर होता म्हणून. असा मालक नसलेले कित्येक मराठी चित्रपट आज कोणाच्या कपाटात आहेत हेही सांगता येत नाही.

जबलपूरसारख्या गावात याचा अर्थ मोठा स्टुडिओ असा नाही. विवेचनासारखी नाट्यसंस्था इथे अनेक दशकं काम करते आहे, गोलबाजारातलं शहीद स्मारक आणि रामपूरचं तरंग ही सभागृहं आहेत, तिकीट काढून नाटक बघणारा प्रेक्षक या संस्थेनं घडवलेला आहे. तेच सभागृह, तोच प्रेक्षक, मराठी आणि बुंदेली चित्रपटाला महिन्यातून एकदा मिळू शकतो. त्यासाठी निर्मात्यानं वितरकाशी करार करताना तीन गोष्टी धराव्यात. सीपी-बेरारचे हक्क विदर्भ आणि मध्य प्रदेश असे तोडून द्यावेत. चित्रपटगृहाबाहेरच्या खेळांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. आणि ओटीटीच्या कागदावर ‘कायमची’ मुदत मान्य करू नये, पाच किंवा सात वर्षांची घ्यावी, मग त्यापायी रक्कम कमी आली तरी चालेल. एकट्या नवख्या निर्मात्याला हे मागता येत नाही, समोरचा उठून जातो. दहा निर्मात्यांच्या संघाला ते मागता येतं. गोव्यात २००७ पासून भरणाऱ्या फिल्म बाजारात पटकथा घेऊन जाणाऱ्या तरुणांना सहनिर्माता कसा शोधावा हे शिकवलं जातं. त्याच मंडपात एक दिवस करार वाचायला शिकवण्यासाठी ठेवला पाहिजे, आणि राज्यांच्या अनुदानाचा एक हिस्सा चित्रीकरणाच्या दिवसांऐवजी दुसऱ्या चित्रपटासाठी राखला पाहिजे, अट एवढीच की पहिल्याचे हक्क निर्मात्यानं विकून टाकलेले नसावेत.